मिलॉर्गनाइट: मिलवॉकीचं सोनखत आणि ते पिशवीत आणणारे मेयर

सहा वर्षं झाली हे खत वापरतेय, त्यामुळे आता हक्काने लिहिते. ३२ पौंडांची पिशवी येते, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण साडेचौदा किलो, आत बारीक काळपट तपकिरी दाणे, मोहरीपेक्षा जरा लहान. पिशवीवर ६-४-० असं छापलेलं असतं, म्हणजे नायट्रोजन ६ टक्के, फॉस्फेट ४ टक्के, पोटॅश अजिबात नाही, वर अडीच टक्के लोह. एका पिशवीत अडीच हजार स्क्वेअर फूट लॉन होतं. मी पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच. पण आधीच सांगते, हा रिव्ह्यू निम्मा खताचा आणि निम्मा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या मेयर लोकांचा आहे, कारण मला ते दोन वेगळे करता येत नाहीत आणि कुणी करूही नयेत असं वाटतं.

झालं असं, आम्ही मिलवॉकीला लागून असलेल्या वॉवाटोसात घर घेतलं आणि पहिल्याच जुलैमध्ये लॉनची सर्व्हिस देणाऱ्या एका कंपनीने भर उन्हात केमिकल खत मारून आमचं अर्धं लॉन जाळलं, अक्षरशः पिवळे पट्टे, चाकाच्या रेषा दिसत होत्या. फोन केला तर म्हणे पाणी कमी घातलंत. शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या, वय ऐंशीच्या पुढे, जन्म मिलवॉकीतलाच. त्या गराजमधून अर्धी पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या हे टाक, हे जळत नाही, आमच्या वडिलांपासून आम्ही हेच टाकतो. मी विचारलं कशाचं बनतं, तर शांतपणे म्हणाल्या, आपल्या सगळ्यांच्या बाथरूममधून जे जातं त्याचं.

मी एक सेकंद गप्प झाले आणि मग एकदम आजोबा आठवले. आमची शेती सांगली जिल्ह्यातली. आजोबा ज्या शब्दाने हे सांगायचे तो शब्द इतका सुंदर आहे की इंग्रजीत त्याच्या जवळपास जाणारा शब्द मला मिळालेला नाही: सोनखत. गावात लोक नाक मुरडायचे, पण उसाला सोनखत मिळालं की काय होतं ते आजोबा हाताने उंची दाखवून सांगायचे. आणि इथे अमेरिकेतलं एक शहर ते १९२६ पासून पिशवीत भरून विकतंय! नावसुद्धा मिलवॉकी, ऑर्गॅनिक आणि नायट्रोजन या तीन शब्दांतून जुळवलेलं.

बनतं कसं ते थोडक्यात सांगते, कारण लोकांना उगीच घाण वाटते. सांडपाणी जोन्स आयलंडच्या प्लांटमध्ये येतं, त्यात हवा सोडतात, सूक्ष्मजीव वाढतात आणि पाण्यातली घाण खातात, मग ते खाली बसतात, वरचं साफ झालेलं पाणी लेक मिशिगनमध्ये जातं. खाली जे बसलं ते दाबून पाणी काढायचं आणि फिरत्या ड्रममध्ये प्रचंड उष्णतेवर वाळवायचं. म्हणजे पिशवीत मुख्यतः ते मेलेले, वाळलेले सूक्ष्मजीव असतात. इतक्या मोठ्या प्रमाणावर ही पद्धत वापरणारं मिलवॉकी अमेरिकेतल्या पहिल्या शहरांपैकी एक.

आता मेयर. आपल्याकडे महापौर म्हटलं की झगा, माळ, उद्घाटनं आणि अडीच वर्षांची टर्म, खरी सही आयुक्तांची. मिलवॉकीत तसं नाही. इथे लोक मेयरला थेट मत देतात, टर्म ४ वर्षांची, आणि शहराचा कारभार खरोखर तो चालवतो. म्हणून एकेका मेयरचा ठसा रस्त्यावर दिसतो, कधी पाइपात दिसतो.

पहिला मेयर सॉलोमन जुनो, १८४६, मूळचा फर ट्रेडर. पण त्याच्या आधीची गोष्ट भारी आहे. नदीच्या पूर्वेला जुनोची वस्ती, पश्चिमेला बायरन किलबर्नची, दक्षिणेला जॉर्ज वॉकरची, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. किलबर्नने आपले रस्ते मुद्दाम पूर्वेकडच्या रस्त्यांसमोर येणार नाहीत असे आखले. १८४५ मध्ये पुलांवरून चक्क मारामाऱ्या झाल्या, लोकांनी पुलाचे भाग पाडले, त्याला ब्रिज वॉर म्हणतात. त्यानंतर वर्षभरात तिन्ही वस्त्या मिळून एक शहर झालं, आणि पुढे तिघेही आळीपाळीने मेयर झाले. आजही डाउनटाउनमध्ये गाडी चालवताना नदीवरचे पूल तिरके लागतात, स्टिअरिंग जरा वळवावं लागतं, तेव्हा कळतं की आपण १८४५ च्या भांडणावरून गाडी नेतोय.

मधली बरीच वर्षं सोडते. थेट डेव्हिड रोजवर येते, १८९८ ते १९०६ आणि परत १९०८ ते १९१०. गोड बोलणारा, लोकप्रिय, आणि त्याच्या काळात शहर सताड उघडं, जुगार, वेश्यावस्ती, कंत्राटातली लाच. ग्रँड ज्युरीने आरोपपत्रांचा ढीग लावला, नगरसेवक आणि अधिकारी अडकले, रोज सुटला. आणि नळाला येणारं पाणी? शहर आपली घाण नद्यांमध्ये सोडायचं, नद्या लेकमध्ये जायच्या, आणि प्यायचं पाणी त्याच लेकमधून यायचं. टायफॉइडने माणसं मरायची. आजींच्या घरात पणजीच्या बहिणीचा फोटो आहे, टायफॉइडने गेलेली, वय ९. तो फोटो बघितल्यापासून मला हा सगळा इतिहास फक्त पुस्तकातला वाटत नाही.

१९१० मध्ये लोकांनी डेव्हिड रोजच्या पक्षाला घरी पाठवलं आणि एमिल सायडेल निवडून आला. लाकडाचे साचे बनवणारा कारागीर, काही वर्षं बर्लिनला राहून काम शिकलेला, आणि पक्ष कोणता तर सोशलिस्ट! अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहराचा तो पहिला सोशलिस्ट मेयर. त्याचा सेक्रेटरी कोण होता माहितीय? कार्ल सँडबर्ग, पुढे मोठा कवी झाला तो. सायडेलला दोनच वर्षं मिळाली, तेवढ्यात त्याने सार्वजनिक बांधकामाचं स्वतंत्र खातं उभं केलं, वेश्यावस्तीवर कारवाई केली. १९१२ मध्ये डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन दोघांनी हातमिळवणी करून त्याला पाडलं. जिंकलेला गेऱ्हार्ड बेडिंग हा डॉक्टर, आधी शहराचा हेल्थ कमिशनर होता. त्याला मी शत्रुपक्षात टाकणार नाही, कारण ज्या सूअरेज कमिशनने पुढे हा प्लांट बांधला ते १९१३ मध्ये, त्याच्याच काळात स्थापन झालं. श्रेय द्यायचं तर सगळ्यांना द्यावं.

आणि मग १९१६ मध्ये डॅनियल होन. माझा आवडता, लपवत नाही. वॉकेशॉचा पोरगा, हॉटेलात स्वयंपाकी म्हणून काम करत करत शिकला, वकील झाला, शहराचा सिटी अटर्नी झाला, आणि मग सलग २४ वर्षं मेयर, १९१६ ते १९४०. विचार करा, पहिलं महायुद्ध, दारूबंदी (बिअरच्या शहरात दारूबंदी!), महामंदी, सगळं या एका माणसाने खुर्चीत बसून काढलं, आणि कौन्सिलमध्ये स्वतःच्या पक्षाचं बहुमत नसताना. १९१९ मध्ये बेल्जियमचा राजा अमेरिका दौऱ्यावर होता तेव्हा त्याचं स्वागत करायला होनने सरळ नकार दिला, मी कष्टकऱ्यांच्या बाजूचा आहे, राजांच्या नाही, अशी त्याची भूमिका. १९२१ मध्ये गार्डन होम्स म्हणून १०५ घरांची सहकारी वसाहत शहराच्या मदतीने सुरू केली, कामगारांना परवडणारी घरं म्हणून. ते सहकार काही वर्षांतच मोडलं, लोकांनी आपापली घरं नावावर करून घेतली, पण घरं आजही उभी आहेत, मी मुद्दाम जाऊन बघून आले, छोटी, उतरत्या छपरांची, समोर झाडं. १९३६ मध्ये टाइम मासिकाने होनला कव्हरवर छापलं.

त्याच्या काळात १९२५ मध्ये जोन्स आयलंडचा प्लांट सुरू झाला आणि वर्षभरात हे खत बाजारात आलं. आधी गोल्फ कोर्सवाल्यांनी उचललं, मग घराघरात गेलं. न्यूयॉर्कमधले सोशलिस्ट पुढारी मिलवॉकीवाल्यांना टोमणा मारायचे, 'सूअर सोशलिस्ट', म्हणजे गटारवाले. क्रांतीचं बोलायचं सोडून हे सारखे आपल्या गटारांचं कौतुक सांगतात म्हणून. मला हा टोमणा ऐकला की खूप अभिमान वाटतो, का ते सांगता येणार नाही, मी तर इथली पण नाही. पण ज्या गावात पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की घरटी एक माणूस दवाखान्यात असायचा तिथे मी वाढले. गटार नीट बांधणारा माणूस मला भाषण नीट करणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. जोन्स आयलंड रिकामं नव्हतं. तिथे बाल्टिक किनाऱ्यावरून आलेले काशुबियन कोळी राहायचे, १८७० च्या दशकापासून, मासे पकडून जगणारे. बंदरासाठी आणि प्लांटसाठी शहराने त्यांना हळूहळू उठवलं, शेवटचा माणूस १९४३ मध्ये गेला. आता तिथे त्यांच्या नावाची एक इवलीशी बाग आहे, एखाद्या अंगणाएवढी. मी तिथे उभी होते तेव्हा वारा प्लांटकडून येत होता आणि पिशवी उघडल्यावर येतो तोच वास. आपल्याकडच्या कोळीवाड्यांचं जे होतंय ते आठवल्याशिवाय राहिलं नाही.

होन १९४० मध्ये हरला तो कार्ल झाइडलरकडून. देखणा, तिशीतला, प्रचारसभेत गाणी म्हणणारा. दोन वर्षांत खुर्ची सोडून नेव्हीत गेला आणि १९४२ मध्ये त्याचं जहाज समुद्रात बुडालं, तो परत आलाच नाही. जॉन बोनने १९४८ पर्यंत गाडा ओढला. आणि मग निवडून आला कार्लचा भाऊ फ्रँक, तो मात्र सोशलिस्ट, आणि दिसायला बोलायला एकदम साधा, चष्मेवाला मास्तर वाटावा असा.

फ्रँक झाइडलर, १९४८ ते १९६०, मिलवॉकीचा शेवटचा सोशलिस्ट मेयर. त्याने आजूबाजूची जमीन शहरात घेत घेत शहराचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट केलं, कारण त्याला दिसत होतं की कारखाने आणि पैसेवाली माणसं हद्दीबाहेर चाललीत आणि हद्दीबाहेरून टॅक्स येत नाही. उपनगरांनी जोरात विरोध केला, १९५५ मध्ये राज्याने असा कायदा केला की उपनगरांना स्वतःचं वेगळं शहर करून घेणं सोपं झालं, आणि मिलवॉकीच्या भोवती जे कडं पडलं त्याला इथे लोखंडी कडं म्हणतात. मी ज्या वॉवाटोसात बसून हे लिहितेय ते त्याच कड्यातलं. म्हणजे माझा प्रॉपर्टी टॅक्स मिलवॉकीला जात नाही पण माझ्या घरातलं सांडपाणी मात्र त्याच व्यवस्थेत जातं, हे मला कळलं त्या दिवशी जरा अस्वस्थ वाटलं. १९५६ च्या निवडणुकीत फ्रँकबद्दल अफवा उठवली की याने अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत बोर्ड लावून काळ्या लोकांना मिलवॉकीत बोलावलंय. धादांत खोटं. कामगारांसाठी घरं बांधणारा आणि कृष्णवर्णीयांच्या हक्काचं बोलणारा माणूस, त्याला असं सोलून काढलं. तो जिंकला, पण १९६० मध्ये तब्येत आणि मनस्ताप दोन्हीमुळे परत उभा राहिला नाही. २००६ मध्ये वारला, ९३ वर्षांचा होऊन. आजी सांगतात की म्हातारपणी तो बसमध्ये दिसायचा, हातात फायली, कुणीही जाऊन बोलावं. सिटी हॉलच्या जवळच्या म्युनिसिपल बिल्डिंगला आता त्याचं नाव आहे.

मग हेन्री मायर, १९६० ते १९८८, तब्बल २८ वर्षं, होनपेक्षाही जास्त. याच्याबद्दल माझं मत एक होत नाही. शहराच्या कौन्सिलमध्ये व्हेल फिलिप्स नावाची एकटी बाई होती, पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय सदस्य, तिने १९६२ पासून घर भाड्याने किंवा विकत देताना वंश बघू नये असा कायदा मांडला आणि चार वेळा तो पडला, बाजूने मत फक्त तिचं. मायरचं म्हणणं, फक्त शहरात कायदा केला तर गोरे लोक अजून उपनगरात पळतील, करायचा तर सगळ्या काउंटीत, म्हणजे उपनगरांतही, करा. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, पण वाट बघायची कुणी? जुलै १९६७ मध्ये दंगल झाली, मायरने अख्ख्या शहरात कर्फ्यू लावला. ऑगस्टअखेरीस फादर जेम्स ग्रोपी आणि तरुण पोरं मोर्चा घेऊन सोळाव्या स्ट्रीटच्या पुलावरून शहराच्या दक्षिण भागातल्या गोऱ्या वस्तीत शिरली, समोरून दगड आणि बाटल्या. आणि असे मोर्चे २०० रात्री काढले. सलग. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात, जिथे मी गराजपर्यंत जाताना दोन जॅकेट घालते. १९६८ मध्ये कायदा झाला. त्याच वर्षी मायरने समरफेस्ट हा संगीताचा उत्सव सुरू केला, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट बघून डोक्यात आलेली कल्पना, १९७० पासून तो लेकच्या काठावर भरतो, आणि आज तिथे उन्हाळाभर गर्दी असते, त्या मैदानाला मायरचंच नाव. आजींना मी विचारलं की तेव्हा तुम्ही कुठे होतात, त्या म्हणाल्या शहराच्या त्याच दक्षिण भागात राहायचो, खिडकीतून बघितलं, बाहेर गेलो नाही. एवढंच बोलल्या आणि रोपांना पाणी घालायला लागल्या. मी पुढे काही विचारलं नाही.

१९६० मध्ये शहराची लोकसंख्या ७,४१,३२४ होती, २०२० मध्ये ५,७७,२२२. मायरनंतरच्या प्रत्येक मेयरला हा उतार सांभाळावा लागला. जॉन नॉरक्विस्टने (१९८८ पासून पुढे जवळजवळ १६ वर्षं) पार्क ईस्ट नावाचा उन्नत फ्रीवेच पाडून टाकला, आणि मोकळ्या झालेल्या भागात आता नवी वस्ती उभी राहतेय. त्याच्याच काळात एप्रिल १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी शिरला आणि सुमारे ४ लाख माणसं आजारी पडली, आधीच अशक्त असलेले कितीतरी दगावले. पाणी उकळून प्या म्हणून मेयरला जाहीर करावं लागलं. मग पाण्यावर ओझोनची प्रक्रिया आली. मला यातून एवढंच दिसतं की होनच्या काळी जे काम झालं ते एकदा करून संपलेलं नव्हतं. टॉम बॅरेट २००४ ते २०२१, त्यांच्या काळात हॉप नावाची ट्रॅम आली, नंतर ते लक्झेंबर्गला राजदूत म्हणून गेले. आत्ता कॅव्हेलियर जॉन्सन, २०२२ मध्ये निवडून आलेले, लोकांच्या मतांनी मेयर झालेले पहिले कृष्णवर्णीय. आणि सांडपाण्याच्या मंडळावर ११ जण असतात, त्यातले ७ आजही मिलवॉकीचा मेयर नेमतो. म्हणजे पिशवीशी मेयरचं नातं अजून तुटलेलं नाही.

बरं, आता खताकडे. चांगलं काय: हळूहळू सुटतं, कडक उन्हातही गवत जाळत नाही, टाकल्यावर लगेच पाणी मारायची सक्ती नाही, आणि लोहामुळे गवताला जो गडद हिरवा रंग येतो तो दोन आठवड्यांत दिसतो. वर्षातून चारदा टाकायचं, मेमोरियल डे (मेअखेर), चार जुलै, लेबर डे (सप्टेंबरची सुरुवात) आणि थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेर) आधी, सुट्ट्या लक्षात राहतात त्यामुळे हेही राहतं. गुलाबाला घालते, झेंडूला घालते, गणपतीच्या वेळी घरचा झेंडू असतो.

सांभाळायचं काय: दोन-तीन दिवस वास येतो, पावसानंतर जास्त, घरी पाहुणे जेवायला असतील त्या आठवड्यात टाकू नका. दाणे ड्राइव्हवेवर सांडले तर लगेच झाडून गवतात ढकला, नाहीतर ओल लागून लोहाचे तांबूस डाग पडतात, माझ्याकडून एकदा झालंय, अजून गेले नाहीत. पिशवी कोरड्या जागी ठेवा, दमटली की ढेकळं होतात आणि स्प्रेडरमधून पडत नाहीत. मातीत पोटॅश कमी असेल तर ते वेगळं द्यावं लागेल.

आणि तो अर्धा स्टार. सांडपाण्यापासून बनणाऱ्या खतांमध्ये पीफॅस नावाची न विघटणारी रसायनं येतात, त्यावर सध्या अमेरिकेत मोठी चर्चा चालू आहे. कंपनीच्या माहितीप्रमाणे भाज्यांना चालतं, पण मी मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, मिरचीला घालत नाही, त्यांना घरचं कंपोस्ट. हा दोष खतापेक्षा आपल्या भांड्यांच्या कोटिंगचा, कपड्यांचा, कारखान्यांचा आहे, ते सगळं पाइपातून वाहत तिथेच जातं, पण शेवटी दाण्यात येतं ते येतंच. यावर आताच्या मेयरने आणि मंडळाने जोर लावावा असं मला मनापासून वाटतं.

मिलवॉकीला आलात तर एक करा. डाउनटाउनकडून दक्षिणेला जाताना लेकच्या काठाने एक मोठा पिवळ्या कमानीचा पूल लागतो, १९७७ मध्ये सुरू झालेला, त्याचं नाव होन ब्रिज. वर चढलं की डावीकडे लेक मिशिगन पसरलेलं, आणि पुलाच्या थेट खाली जोन्स आयलंड, टाक्या, चिमण्या, वाफा. डॅनियल होनच्या नावाचा पूल त्याच्याच गटाराच्या प्लांटवरून जातो. गाडीच्या काचा खाली करा, वास आला तरी चालेल. आजींची पिशवी संपलीय, या शनिवारी दुकानातून दोन आणणार आहे, एक त्यांची.